पट्ट्याचं घड्याळ

आनंदाचा हात घड्याळाकडे गेला की गोदू हातातलं काम टाकून उभी राहायची. तिचा हा नवरा मारायच्या आधी घड्याळ काढायचा. समोरच्याचा जबडा फुटला तरी चालेल, काचेवर चरा पडता कामा नये. काढलेलं घड्याळ तो गोदूकडे द्यायचा, "धर" म्हणायचा आणि सुरू व्हायचा. मार तिलाच खायचा असला तरी घड्याळ तिच्याच हातात. त्याच्या मनगटाची ऊब असलेली ती वस्तू मुठीत धरून तिनं लाथा खाल्ल्या आहेत.

पनवेलजवळच्या गावातला हा गडी. न्हावा शेव्याच्या बंदरात त्याचे ट्रेलर चालतात, आणि नटण्यात तो नवऱ्यामुलालाही मागे टाकेल. पांढऱ्या शर्टावर सोनेरी घड्याळ, निळ्यावर स्टीलचं, तपकिरी बुटांवर तपकिरी पट्ट्याचं. द्रोणागिरीच्या गोदामापाशी एका ड्रायव्हरचे पुढचे दात त्यानं पाडले, तेही कडक इस्त्रीच्या कपड्यांत. माघारी लोक त्याला 'मॅचिंगवाला' म्हणत. तोंडावर म्हणायची कोणाची छाती नव्हती.

एकदा तो पोटच्या मुलावर, दीपेशवर धावून गेला. त्या दिवशी मनगटावर चामड्याच्या पट्ट्याचं घड्याळ होतं, नवंकोरं. बक्कल निघेना. आनंदा दातओठ खात पट्टा ओढत राहिला आणि तेवढ्यात दीपेश मागच्या दारानं पसार झाला. गोदूनं ते बरोबर हेरलं.

तेव्हापासून नवऱ्याचे कपडे तीच काढून ठेवायला लागली. "सोनेरी आता कोन घालतंय? तुमाला पट्टाच बरा दिसतो," असं म्हणत तिनं साखळीचं एकेक घड्याळ कपाटाच्या तळाशी लोटलं. प्रत्येक शर्टाला जुळणारा पट्टा, आणि प्रत्येक पट्टा ती स्वतः बांधून द्यायची, एक भोक घट्ट. बक्कल सुटेपर्यंत समोरचा माणूस पळायचा, नाहीतर गोदू मध्ये पडायची. बाईनं असा संसार रेटला, आणि गावाला वाटायचं, नवऱ्याच्या कौतुकातून हिला फुरसत नाही.

मग लेकीचं, दीपिकाचं लग्न ठरलं. मुलगा शार्दूल, नवीन पनवेलच्या नोकरदार घरातला. दीपिकानं आईला आधीच बजावलं, "आये, हळदीला बाबांनी कोनावर हात टाकला, तर मी पाटावरनं उठेन. लगीन नाय करनार मी."

"नाय टाकनार," गोदूनं शब्द दिला. पण हळदीला भावकी बोलवायलाच हवी, आणि भावकीत थोरला बुधाजी. गेलेल्या जमिनीच्या बदल्यात मिळालेल्या प्लॉटवरून आनंदाचं त्याच्याशी उभं वैर, तरी पहिली हळद त्याच्याच हाताची. गोदूनं आनंदाच्या कुर्त्याला जुळेल असा, सगळ्यात कडक पट्टा निवडला.

संध्याकाळी उष्टी हळद घेऊन नवऱ्या मुलाकडची मंडळी आली. शार्दूलची आई आशालता हसतमुख बाई. तिनं आनंदापुढे डबी उघडली. आत सोनेरी साखळीचं घड्याळ. "कुर्त्याला मॅचिंग बघून आणलंय हं! आत्ताच घाला ना."

आनंदानं पट्ट्याचं घड्याळ सोडून गोदूकडे दिलं. नवं चढवलं आणि खटका दोनदा उघडमीट करून बघितला. हे एका खटक्यात सुटणार, हे गोदूनं ओळखलं. त्या भल्या बाईचा तिला इतका राग आला की विचारू नका.

बुधाजीनं दीपिकाला हळद लावली आणि रीतीप्रमाणे उरलेली मुलीच्या बापाच्या गालाला फासली. ओघळ कुर्त्यावर उतरला, तिथून घड्याळावर. बुधाजी हसला. "प्लॉट नाय, तं हळद तरी घे."

खट्. घड्याळ सुटलं.

"धर," आनंदा म्हणाला, आणि ते गोदूच्या हातात नीट पडायच्या आत बुधाजीच्या नाकावर ठोसा बसला. रक्त पाटावर उडालं, दीपिकाच्या साडीवर उडालं. म्हातारा खाली कोसळला तरी आनंदा कुर्ता सावरून त्याच्या बरगड्यांत लाथा घालत होता. मध्ये पडलेल्या दोघांना त्यानं मांडवाच्या खांबावर भिरकावलं. आशालता किंचाळली. दीपिका पाटावरून उठली आणि कपाळावरच्या मुंडावळ्या सोडायला लागली.

लेकीचे ते हात गोदूनं पाहिले, आणि इतक्या वर्षांची भीती कुठं गेली ते तिलाच कळलं नाही. घड्याळ तिनं हळदीच्या परातीत टाकलं. उजव्या हातातली सोन्याची पाटली ओढून काढली. कातडं सोलवटलं, तिनं पर्वा केली नाही. आनंदाला खांद्याला धरून तिनं वळवलं आणि पाटली त्याच्या तळहातावर ठेवली.

"धरा," ती म्हणाली.

आनंदानं गोंधळून मूठ मिटली. गोदूनं त्याच्या थोबाडीत सणसणीत ठेवून दिली. मग दुसरी. तिसरीला ओठ फुटला आणि कुर्त्यावर लाल डाग पडला. डीजे कोणीतरी बंद केला होता. आनंदा मूठ मिटून तसाच उभा राहिला, त्याला हात उचलायचं सुचलंच नाही.

बुधाजीला दोघांनी धरून दवाखान्यात नेलं. गोदू लेकीकडे वळली. "बस पाटावर."

दीपिका बसली. आशालतानं उष्ट्या हळदीची वाटी उचलली. तेवढ्यात दीपिकाची नजर आईच्या ओक्याबोक्या मनगटावर गेली. "आये, तुझी पाटली..."

"राहू दे त्यांच्याकडं," गोदू म्हणाली. "लगीन लागेपर्यंत धरू दे."