काजूकतली आणि साडूचा मुलगा

मी माझ्या साडेतीन वर्षांच्या मुलीला आधी ॲलर्जीचं सिरप पाजलं आणि मग काजूकतली खाऊ घातली. चुकून नाही, ठरवून.

डॉक्टरांनी महिन्यापूर्वीच बजावलं होतं. काजूची खीर खाऊन स्वराच्या ओठांभोवती गांधी उठल्या होत्या. तपासणी होईपर्यंत काजू बंद, आणि पुरळ आलंच तर अँटीहिस्टामाइन, म्हणजे खाज दाबणारं सिरप.

पण माझा साडू! इंदूरजवळ सिमरोलला कॉलेजच्या कॅम्पसमध्ये प्रोफेसर, घरासमोर हिरवळ, दारात मोठी गाडी. मुलगा अर्णव स्वराच्याच वयाचा, दगड दिला तरी पचवेल. त्याच्या वाढदिवसाला तो एकामागून एक कतल्या चेपत होता आणि माझी पोरगी कोपऱ्यात परमल, म्हणजे आपले कुरमुरे, चिवडत बसली होती. साडू इंदुरी थाटात सहज म्हणाला, "भिया, आपला तर सब खाता है." झालं. मी आतून जळून खाक.

लग्नाच्या जेवणाआधी मी ॲसिडिटीची गोळी घेऊन मोकळा होतो. तीच अक्कल इथे चालवली. बायको, मृणाल, आत ताटं वाढत होती. तिच्या पर्समधलं सिरप काढून चमचाभर पाजलं, अर्धा तास थांबलो आणि कतलीचा तुकडा दिला. स्वरा खूश. थोडा वेळ काहीच झालं नाही. मी साडूकडे ऐटीत पाहिलंसुद्धा.

मग तिला उलटी झाली. आवाज बसला, श्वासाला शिटी लागली. साडूने एक शब्द न विचारता गाडी काढली. इंदूरपर्यंतचा तो रस्ता संपता संपेना. मृणालच्या मांडीवर स्वरा निपचित. ज्या गाडीवर मी तीन वर्षं जळलो, तिच्यातच बसून साडूला म्हणत होतो, अजून पळव.

कॅज्युअल्टीत आधी मांडीत ॲड्रिनलिनचं इंजेक्शन दिलं, कागद नंतर. याला ॲनाफिलॅक्सिस म्हणतात, म्हणजे सगळ्या शरीरावर एकदम उलटणारी, जिवावर बेतणारी ॲलर्जी. डॉक्टरीणबाई मला म्हणाल्या, "सिरप से खुजली दबती है, साँस नहीं बचती. आपने सिर्फ वॉर्निंग छुपा दी." दुसऱ्या दिवसापर्यंत स्वरा निगराणीत होती. मृणाल माझ्याशी आठवडाभर बोलली नाही. बरोबरच होतं.

सहा आठवड्यांनी स्किन प्रिक टेस्ट झाली. हातावर पदार्थांच्या अर्काचे थेंब टाकून बारीक टोचतात आणि पंधरा मिनिटं थांबतात. ॲलर्जी असेल तिथे फुगवटा येतो. तेच सिरप आधी काही दिवस बंद ठेवावं लागतं, नाहीतर टेस्ट खोटं बोलते.

वेटिंग रूममध्ये शेजारच्या गृहस्थांनी मुलाची फूड डायरी आणली होती. काय खाल्लं, किती वाजता, किती वेळाने काय झालं, सोबत पुरळाचे फोटो. मला तिचाही हेवा वाटला. आमच्या डायरीत माझ्या अक्षरातली एकच नोंद होती: 'खीर. लाल.'

काजू फुगला, पिस्ता फुगला. शेंगदाणा सपाट राहिला. डॉक्टरांनी पट्टीने फुगवटे मोजून लिहून दिलं: काजू-पिस्ता पूर्ण बंद, इंजेक्शन कायम सोबत, दरवर्षी पुन्हा तपासणी. घरी "थोडंसं देऊन बघू" अजिबात नाही. हे शेवटचं त्यांनी माझ्याकडे बघून सांगितलं.

माझ्यासारखे आईबाप हे वाचत असतील तर एवढंच सांगतो, मूल चारचौघांत वेगळं बसलं तर बसू द्या. अर्णवला कतली खाताना पाहून माझं अजूनही जळतं, खोटं कशाला बोलू? पण आता नुसतं जळतं, हात सिरपकडे जात नाही. आणि साडूचे उपकार कधीच फिटणार नाहीत असंच मी मानतो.

परवा शहरातल्या जुनी इंदूर भागात एका ओळखीच्या काकूंकडे गेलो होतो. त्यांनी बर्फीची बशी पुढे केली आणि मला विचारलं, "हिला चालते ना?"

मी तोंड उघडायच्या आत स्वरा म्हणाली, "आईला विचारा. बाबांना नाही कळत."