नमुन्यावरचं कुंकू

युरोपात माल पाठवू बघणाऱ्यांना मदत करणं ही माझी नोकरी. मी स्वतः विमान फक्त आभाळात पाहिलंय. पण बोलतो असा, की जर्मनी म्हणजे जिंतूरच्या पुढचा थांबा. वालूरचा एक हळदवाला शेतकरी माझं सगळं भाषण मान डोलावत ऐकायचा आणि शेवटी एवढंच म्हणायचा, "साहेब, च्या घ्या."

त्याच्या हळदीचा नमुना तिकडं तपासणीला निघाला, तेव्हा त्याच्या बायकोनं उघड्या पिशवीत चिमूटभर कुंकू वाहिलं. मीच वर म्हणालो, "वहिनी, सढळ हातानं टाका." तपासणीत कुंकवाचा बाजारी रंग सापडला. भेसळ समजून तिकडच्या व्यापाऱ्यानं कायमचा नकार कळवला.

मी हे सांगायला गेलो, तर हळदवाल्यानं मला गोठ्यामागं नेऊन सगळं ऐकून घेतलं.

"तिला सांगू नका साहेब. लय मनापासून वाहिलं होतं तिनं."

अजूनही गेलो की वहिनी विचारतात, "भाऊ, पसंत पडली का आपली हळद?"

माझ्याआधी तोच बोलतो, "तपासायलेत अजून."

मग वहिनी देव्हाऱ्यापुढं जाऊन त्या हळदीसाठी आणखी एक चिमूट कुंकू वाहतात. तो माझ्याकडं न बघता म्हणतो, "साहेब, च्या घ्या."

मी कप तोंडाला लावतो.