ढोलीमागचा देव

हे मी कोणालाच सांगितलेलं नाही — नवऱ्याला नाही, मुलाला नाही, आणि जिला सांगायला हवं होतं त्या धाकट्या जावेला तर नाहीच. आज तुम्हाला सांगते. आजच का, ते विचारू नका.

आमगावजवळच्या आमच्या खेड्यात पहिला मोबाईल टॉवर उभा राहिला, त्या सुमारास आमचं घर एका देवाला मानू लागलं. देव एकच, त्याला रूप नाही. म्हणून देवघर रिकामं करून मूर्ती, फोटो सगळे बाघ नदीत सोडले. सगळे? — नाही. माहेरून आणलेला वीतभर लाकडी देव मी फडक्यात गुंडाळून धान साठवायच्या मातीच्या ढोलीमागे लपवला. माझी दोन बाळं पोटातच गेली होती, तिसरं त्याला नवस बोलल्यावर जगलं. आता तो रागावला आणि माझा दहा वर्षांचा पोर नेला तर?

नव्या पंथाच्या भजन-बैठकीत मात्र मी सगळ्यांच्या पुढे! एकाच देवावर भरोसा कसा ठेवावा, हे बायकांना ठणकावून सांगायची — आणि घरी आले की गुपचूप ढोलीकडे तोंड करून हात जोडायची. पुडकं उघडून बघायची कधी हिंमत झाली नाही.

एकदा जावेच्या पेटीत देवीचा फोटो सापडला. मी तिला भर बैठकीत उभं केलं.

"काऊन वं, त्या एकावर भरोसा नाही का तुहा?"

"भेव लागते, बाई," एवढंच म्हणाली ती.

मला नव्हतं का लागत? तरी मी तिला चारचौघांत रडवलं, तिच्याच हातानं फोटो नदीत सोडायला लावला. आणि घरी येऊन पोटभर जेवले.

सात-आठ वर्षं गेली. नवं धान यायच्या आधी ढोली लिंपायला घेतली, तेव्हा पुडकं हाती आलं — हलकं, अगदीच हलकं. उघडलं, तर आत नुसती माती आणि भुसा. वाळवीनं अख्खा देव खाल्ला होता. आधी तो भुसा बोटांनी चिवडून पाहिला. मग मनात आलं — हा गेला तरी कधी? एवढे दिवस मी हात जोडत होते ते कोणाला? आणि माझा मुलगा? तो तर अंगणात धडधाकट उभा होता, शेणाची पाटी डोक्यावरून उतरवत! ज्याला वाळवी आवरली नाही, तो माझं लेकरू काय सांभाळणार होता? सांभाळलं त्या एकानं — मी त्याला फसवत होते, तेव्हासुद्धा. मला हसू फुटलं, रडूही फुटलं. इतक्या वर्षांची भीती त्या भुशासोबत मी झाडून उकिरड्यावर टाकली, आणि ती पुन्हा आली नाही.

त्या संध्याकाळी बैठकीत मी गायले, तशी जन्मात गायले नव्हते. जाऊ शेजारीच बसली होती. माझ्या कानाशी येऊन म्हणाली, "बाई, तुमच्यासारखा भरोसा मले दे, असंच मी देवाले मागतो."

शब्द ओठांपर्यंत आले होते. मी तिचा हात घट्ट धरला — आणि आणखी मोठ्यानं गाऊ लागले.