न दुखणारी गाठ

मी राजूरजवळच्या एका दवाखान्यात नर्स आहे. काही वर्षांपूर्वी आमच्या भागातल्या आशाताईंना, म्हणजे गावोगावच्या आशा स्वयंसेविकांना, स्तनाच्या कॅन्सरबद्दल ऑनलाइन प्रशिक्षण दिलं गेलं. बाहेरच्या एका संस्थेनं बनवलेला कोर्स होता. तो संपून काही महिने झाल्यावर, तो कितपत चांगला आहे, हे बघून अभिप्राय देणाऱ्यांमध्ये माझंही नाव आलं.

पहिला व्हिडिओ लावला आणि पाच मिनिटांत मला शिसारी आली. सूट घातलेला एक डॉक्टर इंग्रजी ओळी वाचत होता, मागून एक बाई त्यांचं मराठी करत होती. 'स्तन' हा शब्द काही तिच्या तोंडून निघेना. 'त्या भागात', 'संबंधित जागी' एवढंच. तपासणी दाखवायला कार्टूनमधली साडीतली बाई, आणि तिचा हात फिरत होता पदरावरून! शिकवणाऱ्यांनाच एवढी लाज, तर आमच्या बायांनी ब्लाउज काढून आरशासमोर उभं राहायचं कसं?

परीक्षा त्याहून भिकार. उत्तर चुकलं की बरोबर उत्तर हिरव्या रंगात दिसायचं आणि तोच प्रश्न पुन्हा यायचा. सगळ्या पास. मला भरायला दिलेल्या फॉर्ममध्ये आवाज नीट आला का, प्रमाणपत्र मिळालं का, असले प्रश्न होते. बाई काय शिकली, हे कुठंच विचारलं नव्हतं.

म्हणून बाजाराच्या दिवशी मी आशाताईंना दवाखान्यात बोलावलं. कापडाच्या पिशवीत कापूस भरून आत गाठ म्हणून एक चिंचोका लपवला होता. "शोधा," म्हटलं. कुणी तळहातानं दाबलं, कुणी चिमटीत धरलं, कुणी हसत सुटल्या. चिंचोका एकीलाही सापडला नाही.

त्यांच्यातल्या सगळ्यात जुन्या आशाताई मात्र हसत नव्हत्या. बाकीच्या गेल्यावर त्या मागे थांबल्या.

"सिस्टर, दुखत नसंल तर काळजी न्हाई, आसंच हाय ना?"

"कुणी सांगितलं?"

"व्हिडिओत हुतं. दुखलं की लगेच दवाखान्यात जा. मंग दुखत न्हाई तर..." त्या अडखळल्या. "आमच्या वाडीत एक बाई हाय. तिला गाठ हाय, पन दुखत न्हाई. मीच सांगितलं, थांब म्हनून."

"कधी?"

"दिवाळीच्या आधी."

होळी होऊन गेली होती. दुसऱ्या दिवशी सकाळीच आम्ही दोघी वाडीवर गेलो. बाई चाळिशीची, अंगणात नागली निवडत बसलेली. आत नेऊन तपासलं. स्तनाची कातडी संत्र्याच्या सालीसारखी झालेली, बोंडशी आत ओढलेली, काखेतही गाठ. मी हात धुवायला बाहेर आले तर आशाताई भिंतीला टेकून रडत होत्या. मला त्यांचा राग येईना. दवाखान्यात परतल्यावर व्हिडिओ पुन्हा लावून बघितला. न दुखणारी गाठच जास्त धोक्याची असू शकते, हे वाक्य त्यात शोधूनही सापडलं नाही.

हे सगळं मी अभिप्रायात लिहिलं. संस्थेतून एका बाईंचा फोन आला.

"मॅडम, बाकी सगळ्यांनी 'उत्तम' दिलंय. तुमचाच निगेटिव्ह आहे. जरा सौम्य करता का?"

"नाही करणार."

"मग तुमचा बाजूला ठेवावा लागेल."

त्यांनी तो ठेवलाच. छापून आलेल्या रंगीत अहवालात आमच्या आशाताई प्रमाणपत्रं धरून हसताना दिसत होत्या आणि खाली लिहिलं होतं, 'उत्साही प्रतिसाद'. मी तो अहवाल मिटून टेबलावर टाकला. पण खरी किळस वाटली ती स्वतःची. आधीच्या किती प्रशिक्षणांना मी न बघताच 'उत्तम'वर टिक केलं होतं! तेव्हा घरी जायची घाई असायची.

त्या बाईला मी नगरला पाठवलं. आधी केमो झाली, मग ऑपरेशन. प्रत्येक खेपेला आशाताई सोबत गेल्या, एसटीत तिचं डोकं मांडीवर घेऊन आल्या. बाई आज हयात आहे. काखेतल्या गाठी काढल्यामुळं एक हात सुजलेला असतो, जड काही उचलता येत नाही.

मध्यंतरी ती तपासून घ्यायला आली तेव्हा मी म्हणाले, "तुझे चार-पाच महिने फुकट गेले गं."

"जाऊ द्या सिस्टर," ती म्हणाली. "ताईला जे शिकवलं, तेच तिनं मला सांगितलं. तिचा काय दोष?"

तिनं कुणालाच दोष दिला नाही. मला ते ऐकवेना. मी तिच्या सुजलेल्या हाताला पट्टी बांधत राहिले.