घेरातले मणी

सावली गावच्या बसथांब्यामागे इस्तारीचं दुकान होतं. दुकान कसलं, पत्र्याची एक खोली. पण तिच्यात अख्खा दरबार मावला होता. चार राजे, दोन सेनापती, एक फौजदार आणि विलायतेहून परतलेला एक श्रीमंताचा मुलगा, सगळे खुंट्यांना लटकलेले. गडचिरोलीकडच्या झाडीपट्टीत दिवाळी सरली की गावोगाव नाटकं उभी राहतात, आणि नाटक म्हटलं की कपडे लागतात. इस्तारी ते शिवायचा, भाड्यानं द्यायचा आणि परत आले की घामाचा वास जाईस्तोवर उन्हात टाकायचा. राजाला टाळ्या पडत. राजाची बाही कोणी बसवली हे विचारायला आजवर कोणी पडद्यामागे आलं नव्हतं, आणि इस्तारीला त्याचं काही वाटतही नसे. वाटायचं ते एकाच माणसाचं.

तो माणूस म्हणजे त्याचा बाप, पोचू. वैनगंगेवर जाळं फेकावं तर पोचू धीवरानं, असं काठावरची चार गावं म्हणत. त्याच्या खांद्यावरून सुटलेलं जाळं हवेत उघडायचं आणि पाण्यावर असं गोल पडायचं, की बघणाऱ्यानं हातातलं काम थांबवावं. इस्तारी त्याचा एकुलता एक. त्याच्या हातून तेच जाळं पडायचं ते लांबट, केळीच्या पानासारखं, आणि मासे निवांत शेजारून निघून जायचे. शेवटी सोळाव्या वर्षी तो सावलीच्या एका शिंप्याकडे काजं-बटणं करायला बसला. तेव्हापासून वीस वर्षांत बापानं त्याच्या कामाला काम म्हटलं नाही. कोणी विचारलं, पोरगा काय करते, तर पोचू म्हणायचा, "मानसाइले सोंगं घालते."

दोन वर्षांपूर्वी पोचूला लकवा झाला आणि उजवा हात लुळा पडला. जाळं घराच्या पडवीतल्या खुंटीवर गेलं, ते गेलंच. पण त्याला दुसऱ्या कोणी हात लावलेला म्हाताऱ्याला खपत नसे. दर पंधरवड्याला तो डाव्या हातानं ते खाली ओढायचा, झटकायचा, कडेचे शिशाचे मणी चाचपायचा आणि पुन्हा टांगायचा. सून गिरजा झाडताना त्या खुंटीखालून वाकून जायची.

इस्तारीला बापाकडून हवं होतं ते एवढंच: एकदा, फक्त एकदा, त्यानं म्हणावं की पोरा, तुझं काम काम आहे. छत्तिसाव्या वर्षीही माणसाला असलं काही हवं असतं, त्यात लाजण्यासारखं काही नाही. पण इस्तारी लाजायचा आणि कुणाला सांगायचा नाही.

सत्त्याण्णवच्या डिसेंबरात सुरेंद्र एक पत्र नाचवत दुकानात शिरला. हा सुरेंद्र गावच्या दंडारीचा म्होरक्या. दंडार म्हणजे ढोलकीवर नाच, गाणं आणि सोंगं, आणि सुरेंद्रची आठ जणांची दंडार गडचिरोलीच्या एका कार्यक्रमात कुणा साहेबाच्या मनात भरली होती. त्या साहेबानं शब्द टाकला आणि थेट राजस्थानातून बोलावणं आलं. तिथं माघाच्या पौर्णिमेला धरून तीन दिवसांचा मरुमहोत्सव भरणार होता. पहिल्या दिवशी मिरवणूक, आणि मिरवणुकीत प्रत्येक पथकातल्या पुरुषांनी वाळवंटाला शोभेल असा वेश आपल्या कल्पनेनं करून यायचं.

"इस्तारीभाऊ, रेतीच्या देशात जाऊन राह्यलो आम्ही," सुरेंद्र म्हणाला. "काय घालतोस सांग. नाई तं नागपूरहून तयार ड्रेस आणतो. माया साळा थेच म्हणून राह्यला."

नागपूरचं नाव काढलं की झाडीतल्या कुठल्याही कारागिराचं डोकं तापतं. इस्तारी म्हणाला, "नागपूरवाल्यानं रेती पाह्यली का? मी शिवतो."

बोलून गेला खरा. पंचाईत अशी, की वाळवंट त्यानंही पाहिलेलं नव्हतं.

मग सगळं गाव सल्ला द्यायला धावलं. कोलू न्हाव्याचं मत पडलं की मिशा लावल्या की अर्धं राजस्थान झालं, बाकी काही घातलं नाही तरी चालेल. शाळेतल्या इंदुताईंनी भिंतीवरचं कॅलेंडरच काढून आणलं. त्यात एक उंट होता आणि उंटावरच्या माणसाचं तोंड महिन्याच्या तारखांनी झाकलेलं. सुरेंद्रला स्वतःला मखमली राजाचा कोट पाहिजे होता, टिकल्या लावलेला. इस्तारीनं कागदावर आठ राजे काढले आणि आठही खोडले.

"रेतीत काय राजे फिरतेत?" भाकरी थापता थापता गिरजा म्हणाली. "रेतीत काम करणारा मानूस काय घालते, थे पाहा ना."

इस्तारी भाकरी करपायची वेळ आली तरी तिच्याकडे बघत राहिला. रेतीत काम करणारा माणूस त्यानं लहानपणी रोज पाहिला होता. उन्हाळ्यात नदी आटली की पोचू पात्रातल्या रेतीत डांगरांचे, म्हणजे खरबुजांचे वेल लावायचा. गुडघ्यापर्यंतचा सैल सदरा, काखेत उसवून मुद्दाम तसाच ठेवलेला, वारा खेळावा म्हणून. कमरेला आवळलेला शेला. डोक्याला दुपट्टा, आणि त्याचं एक लांब शेपूट नाकातोंडावरून फिरवून कानामागे खोचलेलं, कारण वारा सुटला की रेती दातांत येते.

झालं. इस्तारीनं बापाच्याच सदऱ्याचा अंगरखा केला. काख उघडी, कमरेला शेला, डोक्याला लांब शेपटाचा फेटा. फेटे गिरजानं पळसाच्या फुलांत रंगवले. मागच्या शिमग्याची वाळलेली फुलं तिनं मडक्यात जपून ठेवली होती. मात्र दंडार म्हणजे गिरकी आली आणि गिरकीला घेर पाहिजे, म्हणून कमरेखाली त्यानं चांगला ऐसपैस घेर सोडला. आणि वाळवंट म्हणजे उकाडा, हे तर शेंबडं पोरही सांगेल, म्हणून कापड घेतलं पातळातलं पातळ मलमल.

जानेवारीतल्या एका दुपारी आठही गडी कपडे चढवून वैनगंगेच्या रेतीत उतरले. कपडे दिसत होते देखणे, यात शंका नाही. ढोलकी वाजली, ढोलकीवाल्यासकट आठ जणांनी गिरकी घेतली, आणि नेमका त्याच वेळी नदीवरून वारा आला. आठही घेर वर उठले ते थेट डोक्यावर गेले. खाली उरल्या आठ पट्ट्यापट्ट्यांच्या चड्ड्या. काठावर बाया धुणं धूत होत्या.

"सुरेंद्र, चड्डी तं नवी दिसून राह्यली गा!" नीलाबाई ओरडली, आणि अख्खा घाट हसून आडवा झाला.

सुरेंद्र डोक्यावरचा घेर उतरवून रेतीत बसला. रागावला असता तर बरं झालं असतं. तो हळू आवाजात बोलला. "भाऊ, राग नको मानू. मी परवा नागपूरले जातो."

"दोन दिवस दे," इस्तारी म्हणाला.

घाटावरच्या उंबराखाली काठीवर हनुवटी टेकून पोचूही बसला होता. त्यानं सगळं पाहिलं. रात्री जेवून ताट सारून उठताना तो म्हणाला, "कडेले वजन नाई. काय पडन ते?"

इस्तारीला आधी तो टोमणाच वाटला. वीस वर्षं टोमणेच ऐकलेले. मग अंथरुणावर पडल्या पडल्या त्याच्या ध्यानात आलं की म्हाताऱ्यानं शिवणकामातली चूक दाखवली आहे. सकाळी उठून त्यानं घेराच्या काठाला कॅनव्हासची पट्टी घातली. घेर जड झाला, पण असा ताठ झाला की त्याच्याखाली कोंबड्या डालाव्यात. पट्टी उसवली. बाजारातून जाळ्याचे मणी आणून लावून पाहिले; ते बोराएवढे जाडे, मलमल टराटरा फाटायला लागली. पाहिजे होते ते बारीक, चवळीएवढे मणी, उथळ पाण्यातल्या जाळ्याचे. तसले मणी आता कोणी करत नव्हतं. पोचूनं तरुणपणी स्वतः शिसं वितळवून, मातीच्या साच्यात एकेक ओतून केलेले तेवढे होते, आणि ते कुठं आहेत हे इस्तारीला पक्कं ठाऊक होतं. पण मागण्याची छाती नव्हती. पडवीतून जाताना तो खुंटीकडे बघायचंसुद्धा टाळायचा. त्या दिवशी त्यानं हार मानली आणि सुरेंद्रला सकाळी निरोप द्यायचं ठरवून टाकलं.

सकाळी त्याला जाग आली ती टुक टुक आवाजानं. पडवीत पोचू पाय पसरून बसला होता. मांडीवर जाळं. लुळ्या हाताखाली त्याची कड दाबून धरलेली, आणि डाव्या हातातल्या विळ्यानं तो कडेची दोरी कापत होता. कापायचा, दातांनी ओढायचा, आणि मणी पितळेच्या ताटलीत पडायचा. गिरजा केरसुणी धरून दारातच थिजली होती.

"मामाजी, हे काय करून राह्यले जी?"

"आठ जणाइची इज्जत उघडी पडून राह्यली," म्हातारा मान वर न करता म्हणाला, "अन् मणी खुंटीले टांगून काय करू?"

इस्तारी त्याच्यासमोर उकिडवा बसला. "बा, जाळं मोडलं तं पुन्हा..."

"जाळं हातानं पडते बापू. हात कुठी आहे?"

इस्तारीला रडू कोसळलं. मोठ्या माणसासारखं नाही, नाक पुसत पुसत, लहान पोरासारखं. पोचूनं त्याला रडू दिलं आणि मग ताटली पुढं सरकवली.

"वितीवितीवर एक लाव. पक्का शिवून टाकू नको, लोंबू दे. मणी हलला तं घेर उघडते."

पुढचे तीन दिवस बापलेक पडवीत बसून राहिले. पोचू डाव्या तळव्यावर मणी खेळवून जड-हलके निवडायचा, इस्तारी टाके घालायचा. वीस वर्षांत दोघं इतका वेळ एका जागी बसले नव्हते. कौतुकाचा शब्द म्हणाल तर एक नाही. "टाका ढिला आहे," एवढंच. सुरेंद्र डोकावून गेला आणि नागपूरचा विषय त्यानं पुन्हा काढला नाही.

फेब्रुवारीत इस्तारी पथकाचा नववा माणूस म्हणून राजस्थानात पोचला. आणि पहाटे गाडीतून उतरल्या उतरल्या त्याला आपल्या शहाणपणाचं फळ मिळालं. उकाडा कुठला, थंडीनं दात वाजत होते. मलमल निवडणाऱ्या शिंप्याचा आठही जणांनी मनसोक्त उद्धार केला आणि अंगरख्याच्या आत आपापले स्वेटर घातले. गडी जरा गुबगुबीत दिसायला लागले, एवढंच.

मिरवणूक निघाली आणि वारा सुटला. तो वैनगंगेचा वारा नव्हता. रेतीचे लोटच्या लोट घेऊन येणारा. पुढच्या पथकाचे चकचकीत झगे फडफडायला लागले. कोणी दोन्ही हातांनी कपडे धरलेले, कोणाचा फेटा सुटून मागच्याच्या गळ्यात. सुरेंद्रनं पळसरंगी शेपूट नाकावरून फिरवून कानामागे खोचलं, आठही जणांनी खोचलं, आणि ढोलकीवर थाप पडली. आठ घेर एकदम उघडले. वाऱ्यात ते तिरपे झाले नाहीत, वर गेले नाहीत; गोल उघडले, क्षणभर तसेच राहिले आणि सावकाश खाली बसले. कडेला उभा असलेला इस्तारी टाळ्या वाजवायचं विसरला.

मिरवणुकीनंतर एक म्हातारा उंटवाला जवळ आला. त्यानं सुरेंद्रच्या घेराचा काठ हातात घेतला, तोलला, मणी दाबून पाहिले आणि हे काय म्हणून विचारलं. "मछली का जाल," सुरेंद्रनं हिंदी फेकली. म्हातारा चहूकडे पसरलेल्या रेतीकडे बघून पोट धरून हसला, आणि त्यानं इस्तारीची पाठ थोपटली. बक्षीस तिसरं मिळालं. प्रमाणपत्रावर खालच्या ओळीत वेशभूषाकार म्हणून इस्तारीचं नाव होतं, शाईनं लिहिलेलं.

घरी आल्यावर त्यानं ते प्रमाणपत्र बापापुढं धरलं. पोचूनं त्याच्याकडे पाहिलंही नाही. रिकाम्या खुंटीखाली तो बसला होता.

"कागद काय दाखवते. गोल पडलं का?"

"पडलं, बा."

"तू म्हनशीन. तुले गोल कधी समजलं?"

इस्तारी उभा राहिला. जन्मभर त्यानं दुसऱ्यांना कपडे चढवले. स्वतः कधी फेटाही बांधला नव्हता. त्यानं पेटीतून एक अंगरखा काढला आणि पँटीवरच चढवला. शेला आवळला. अंगणाच्या मधोमध जाऊन त्यानं गिरकी घेतली. कोंबड्या पळाल्या. गिरजानं तोंडाला पदर लावला. पहिल्या अर्ध्या फेऱ्यात पाय अडखळला, घेर एका अंगाला लांबट झाला, केळीच्या पानासारखा. मग मणी झुलले आणि घेर उघडला, चहूबाजूंनी सारखा, आणि इस्तारी थांबला तसा त्याच्या पायांभोवती येऊन बसला.

पोचूचा डावा हात हवेत होता, जाळ्याची दोरी धरल्यासारखा मुठीत मिटलेला. डोळे भरून आले होते आणि ते लपवायची त्याला काही पडली नव्हती.

"गोल पडलं," तो म्हणाला. मग मूठ सोडत, "पोरा, आनखी एक डाव फेक."

इस्तारीनं फेकलं.