घरात एकटीच बोलणारी वृषाली

माले गावातल्या वृषालीचं तोंड सकाळी उघडलं की झोपेपर्यंत मिटत नसे. आईवडील दोघांनाही जन्मापासून ऐकू येत नाही, त्यामुळं घरात तिला गप्प बस म्हणणारं कुणी नव्हतं. बारावीतल्या या पोरीला क्रिकेटची कॉमेंट्री करायची होती, आणि रोज ती ओट्यावर उभी राहून लाटण्याचा माईक करून ओरडत सराव करायची. शेजारच्या आक्काबाई एकदा वैतागून तक्रार घेऊन आल्या. ती तक्रार आईला खुणांनी सांगणार कोण, तर वृषालीच. तिनं सांगितलं, आक्काबाईंना माझा आवाज लई आवडतो. आईनं खूश होऊन त्यांना चहा पाजला, वर वाटीभर शेंगदाण्याची चटणी दिली. चटणी हातात घेऊन भांडायचं कसं, म्हणून आक्काबाई तशाच परतल्या.

आईबापाचं पान आपल्यावाचून हलत नाही, अशी वृषालीची खात्री होती. बँक, दवाखाना, सगळीकडं ती पुढं. जनावरांच्या बाजारात तर ती हेड्याशी, म्हणजे दलालाशी, तासभर हुज्जत घालायची. तिचे बाबा, प्रमोद, तेवढ्यात हेड्याच्या टॉवेलाखाली हात घालायचे. बोटं दाबून भाव ठरवायची तिथली जुनीच रीत. पण सौदा पटला की वृषालीला वाटे, ही आपल्याच तोंडाची कमाल.

गावातल्या स्पर्धेच्या फायनलला नेहमीच्या कॉमेंटेटरचा घसा बसला आणि पंचाईत झाली. स्पर्धा भरवणारा कैलास तिला म्हणाला, "येतीस का? जमलं तर फुडच्या समद्या मॅची तुझ्या." पण बाबांना म्हैस घ्यायची होती ती त्याच दिवशी. तिनं खुणा केल्या, "तुमाला फशिवतील." बाबांनी माशी हाकलावी तसा हात हलवला, "तू मॅचला जा."

ती गेली, पण जीव सगळा बाजारात. फलंदाज मैदानात उतरला तसं तिच्या तोंडून माईकवर निघून गेलं, "पाय मजबूत हायेत, पण दुधाचं काय सांगता येत न्हाई." मैदान हसून लोळलं. लोकांना वाटलं, मुद्दामच बोलली. कैलासनं पुढच्या मॅचची तारीख तिथंच सांगून टाकली.

संध्याकाळी ती धावत घरी आली. दारात काळीभोर, तुकतुकीत म्हैस उभी. इतक्या वर्षांत तिनं घासाघीस करून आणलेल्या एकाही म्हशीला अशी कांती नव्हती, आणि भावही कमीच पडला होता. तिला आनंद व्हायला हवा होता, झाला राग.

"कसं जमलं?" तिनं खुणेनं विचारलं. बाबांनी बोटं दाबून दाखवली.

"मग इतकी वर्सं मला कशाला न्यायचा?"

बाबांचे हात हलले. "घरात तुझ्याशी बोलणारं कुणी न्हाई. तितं तुला माणसं मिळायची."

वृषालीचे डोळे भरून आले.

बाबांनी म्हशीपुढं चारा टाकला, हात झटकले आणि सांगितलं, "आता तुला अख्खं मैदान मिळालं. मी सुटलो."