दादाच्या तांबड्या रेघा

चोपड्याच्या माझ्या आतेभावाने जेवढ्या रेघा ओढल्या, तेवढ्या अख्ख्या पेडणे तालुक्यात नांगरांनी ओढल्या नसतील. माझ्याहून वर्षाने मोठा, म्हणून दादा. वाचायला बसला की कानावर एका टोकाला तांबडी, दुसऱ्या टोकाला निळी अशी पेन्सिल, आणि पट्टी म्हणून कुणाची तरी जुनी लग्नपत्रिका. शिवाय समासात शेरे, तेही कोंकणीत : 'हें कित्याक?' म्हणजे हे कशाला, 'सरांक विचार!' गोव्याची राजभाषा मराठी की कोंकणी, या वादात तेव्हा शेजारी शेजाऱ्याशी बोलत नव्हता. दादाच्या इतिहासाच्या पुस्तकात मात्र मधोमध मराठी आणि कडेला कोंकणी गुण्यागोविंदाने नांदत.

तो दहावी झोकात पास झाला आणि रिवाजाप्रमाणे त्याची पुस्तके डिचोलीला माझ्याकडे आली. मी मुळात कष्टांचा वैरी. तांबडे ते महत्त्वाचे, असे धरून मी तेवढेच पाठ केले. त्यातले अक्षर कळत नव्हते, पण हुशार माणसाने निवडलेले असे गहनच असणार, म्हणून दुप्पट घोकले. परीक्षेत विचारले सगळे सोपे, आणि मी इतिहासात आपटलो.

"दादा, तुझ्या तांबड्याने घात केला!"

"अरे, माका जें कळूंक ना, तें तांबडें. कळ्ळां त्याका रेघ कित्याक?"

म्हणजे वर्षभर मी त्याचे अज्ञान पाठ करत होतो! "आणि निळें?"

"सरांकय कळूंक ना तें."

मग ऑक्टोबरच्या परीक्षेपर्यंत तो दर रविवारी दोन बसगाड्या बदलून डिचोलीला येऊ लागला. इतिहासाचे बिनरेघांचे नवे पुस्तक पुढ्यात ठेवून त्याने पेन्सिल माझ्या हातात दिली. लाजेपायी मी एकही रेघ ओढेना.

"सगळें कळ्ळां? मगे नापास कित्याक जालो रे?"

तेव्हा कुठे पेन्सिल चालली. पान रक्तबंबाळ झाले. दादा इतका खूश, की आईने दिलेला चहा निवून गेला.

पेपर म्हापशाला होता. बाहेर आलो तर तो फाटकाशी उभा. "कळूंक ना तें कितें उरलां?"

"कायच ना," मी ऐटीत म्हणालो. "सगळें कळ्ळां."

"बरें जालें." आम्ही बसस्टँडवर आलो. पेडण्याची बस लागली. पायरीवर चढून तो वळला आणि रविवारचे विचारले. "मगे आयतारा हांव येवंक नाका मूं?"

"नाका," मी तोऱ्यात म्हणालो. बस सुटली.

पुढच्या रविवारी सकाळी मात्र मी उगाचच दोनदा रस्त्यापर्यंत जाऊन आलो.